काचेच्या सुरीवर हाजराबीचा आवाज

कुतुबुद्दीनच्या घरातलं भांडण गल्लीला नेहमी अर्धंच ऐकू यायचं, आणि याचं गल्लीला फार वाईट वाटे. मिरजेतली ती तंबोरे-सतारी करणाऱ्यांची गल्ली. कानावर पोट असलेली माणसं; शेजारच्या घरात तार केसभर चढली तर भिंतीआडून हटकणारी. अशा ठिकाणी भर दुपारी कुतुबुद्दीनचा सपाट, मोठा आवाज घुमायचा, "मी तसं म्हणालोच न्हाई." मग शांतता. मग "ते येगळं, हे येगळं." पुन्हा शांतता. हाजराबी मध्ये काय म्हणाली ते कुणाला कळत नसे. बायका निवडणटिपण थांबवून कान लावून बसत आणि हात हलवत उठत. भांडण बहुधा तीच जिंकत असणार, कारण शेवट नेहमी त्याच्या "बरं बरं"नं होई.

कुतुबुद्दीन ठार बहिरा होता. जन्माचा नव्हे. विशी गाठायच्या आत त्याच्या छातीला क्षयानं धरलं. गावाबाहेरच्या क्षयाच्या दवाखान्यात तो पुष्कळ महिने पडून राहिला आणि ज्या इंजेक्शनांनी छाती वाचली त्यांनीच कान नेले. आधी चिमण्या गेल्या, मग तारा गेल्या, मग माणसं गेली. बाप महंमदसाहेब जवारीचा नावाजलेला कारागीर. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा कानशीनं असा घासायचा, की वरून गेलेली तार नुसती वाजून थांबू नये, मागं दरवळत राहावी. हे जवारीचं काम, आणि ते डोळ्यांनी होत नाही. पोराचा हात बापापेक्षा हलका होता. पण कान परत येईनात, तेव्हा महंमदसाहेबांनी त्याच्या हातातली कानस काढून घेतली आणि त्याला भोपळे खरवडायला बसवलं. म्हातारा त्यानंतर फार दिवस काढू शकला नाही.

हाजरा आली ती यानंतर. ती औंधची. बाप बांगड्या विकायचा, यमाईच्या जत्रेत पाल टाकून बसायचा. पोरीचा गळा सगळ्या औंधाला माहीत. कुणाच्याही घरची हळद असो, आधी "हाजराला बोलवा" असं ठरायचं आणि मग बाकीचं. जात्यावर बसली की आसपासच्या सुना आपापलं दळण तिच्या वेळेला घेऊन यायच्या. असली गळ्याची पोर बहिऱ्याला दिली म्हणून पुष्कळांनी नावं ठेवली. नावं ठेवायला काय जातं? क्षयातून उठलेला नवरा कुणाला चालत नव्हता आणि हाजराला आई राहिली नव्हती. दोन्हीकडच्या अडचणी एकमेकींना पाहून हसल्या आणि लग्न झालं.

नवरा ओठ वाचतो हे पहिल्याच आठवड्यात तिच्या ध्यानात आलं. मग ओठच वाचायचे तर आवाज कशाला खर्चायचा? घर दोन खणांचं. सासू अख्तरबी पडद्यापलीकडे, आणि नव्या नवरीला जे बोलायचं असतं ते सासूनं ऐकण्यासारखं कुठं असतं? हाजरा नुसते ओठ हलवून बोलू लागली. सासूच्या पाठीमागं उभी राहून सासूचीच गाऱ्हाणी सांगू लागली. तो खो खो हसे आणि अख्तरबीला वाटे, दुखणं कानातून डोक्यात शिरलं. तो मात्र तोंडानं बोले आणि अंदाज नसल्यामुळं फारच मोठ्यानं बोले. हाजरानं तळहात खाली दाबला की आवाज उतरायचा. अशी त्यांची बोली ठरून गेली आणि वर्षामागून वर्षं तीच चालली.

पुढं लेक झाली. एकदा संध्याकाळी तो कामावरून आला तर हाजरा पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. तिचे ओठ हलत होते, गळ्याची शीर थरथरत होती आणि पोरीचे डोळे मिटत चालले होते. शेजारच्या ओसरीवर म्हातारा जोतिबा, तारा ओढणारा, हातातलं काम तसंच धरून बसला होता. म्हणजे आवाज होता. जोतिबाला तो माहीत होता, मांडीवरच्या पोरीला माहीत होता, दारात दाणे टिपणाऱ्या कोंबड्यांनासुद्धा माहीत होता. एकट्या नवऱ्याला नव्हता. बापाचा तंबोरा त्याला निदान आठवायचा. डोळे मिटून बसला की खर्ज अजून डोक्यात कुठंतरी लागायचा. हाजराचा आवाज आठवायचा कुठून? गेलेल्या गोष्टीसाठी माणूस रडून तरी घेतो. ही गोष्ट त्याच्याकडं कधी आलीच नव्हती. त्याला त्या आवाजाची भूक लागायची. हे तो तिला कधी बोलला नाही. बोलला असता तर गल्लीनं ऐकलं असतं.

तोवर त्याला दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम लागलं होतं. घराणं मूळचं शिकलगारांचं, तलवारींना धार लावणारं; प्रयोगशाळेतल्या सुऱ्यांना धार लावायला माणूस हवा होता. पुढं तिथले डॉक्टर निंबाळकर परदेशी शिकून आले आणि मुंबईच्या एका संस्थेकडून दोन-तीन वर्षांच्या बोलीवर एक यंत्र घेऊन आले. मुंबईला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप होता. त्याला पाहता येतील इतके पातळ काप मिरजेत काढायचे आणि वर पाठवायचे, असा बेत. किती पातळ? डॉक्टरांनी पाटीवर लिहून सांगायचा प्रयत्न केला, मग शून्यं पुसून टाकली आणि लिहिलं, "साबणाच्या फुग्याची कातडी."

मांसाचा कण राळेत घट्ट बसवायचा, ब्लेडनं त्याचं टोक तासायचं आणि यंत्राला लावायचं. ते टोक वरखाली होत एका सुरीवरून जातं. सुरी काचेची. जाड काच रेघ मारून पकडीनं तोडली की तुटल्या कडेला जी धार येते, तीच. तिला धार लावता येत नाही. बोथट झाली की टाकायची आणि नवी तोडायची. शिकलगाराच्या नातवाला ही सुरी मिळावी, यावर गल्ली पुष्कळ दिवस हसली. धारेमागं नखाएवढं डबकं, त्यात पाणी. एकेक काप निघून पाण्यावर तरंगतो, पुढच्याला चिकटतो आणि पट्टी तयार होते. काप जाडसर असला की सोनेरी दिसतो, बरा असला की चंदेरी. मुंबईला चंदेरी हवा. तो काडीनं हळूच ढकलून तांब्याच्या इवल्याशा जाळीवर घ्यायचा. काडीच्या टोकाला पापणीचा एक केस चिकटवलेला असतो. कुणाचाही चालतो, असं डॉक्टर म्हणाले. कुतुबुद्दीननं हाजराच्या गालावर पडलेला एक केस बोटावर उचलून नेला. ती किती दिवस हसत होती.

काप काढताना श्वास धरायचा, इकडंतिकडं बघायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. बहिऱ्याला यात नवं काहीच नव्हतं. पण यंत्र फार नाजूक. जंक्शनात मालगाडीचे डबे आदळले की त्या घटकेच्या कापावर आडव्या रेघा उठत. हाताला काही कळत नसे. कापावर मात्र दिसे. डॉक्टर कपाळाला हात लावत. कुतुबुद्दीनला त्या रेघांचा नाद लागला. आकाराम शिपाई पलटणीतून आलेला, बूट आपटत चालायचा. त्याच्या रेघा रुंद आणि दूर दूर. कुतुबुद्दीन यंत्रावर बसवलेल्या दुर्बिणीतून डोळा न काढताच म्हणायचा, "आकाराम, च्या ठेव तिकडं." आकारामला वाटायचं, ह्या माणसाचे कान आतल्या आत परत आलेत.

मग एक दिवस आला. डॉक्टर यंत्राच्या टेबलावर कोपर टेकून टेलिफोनवर कुणाला तरी झापत होते. पाय हलत नव्हते, हात हलत नव्हता. आणि कापांवर रेघा उमटू लागल्या, आजवर कधी न पाहिलेल्या. बारीक, जवळजवळ, फणीच्या दातांसारख्या. कुतुबुद्दीननं मान वर केली, डॉक्टरांचे ओठ पाहिले, पुन्हा खाली पाहिलं. डॉक्टर श्वास घ्यायला थांबले आणि तेवढा एक काप कोरा निघाला. त्यानं विचारलं, हे तुमच्या बोलण्याचं काय? डॉक्टर ओशाळले. त्यांनी लिहिलं, "हो. कोपरातून टेबलाला गेलं. पुन्हा करणार नाही." त्यांना वाटलं तक्रार आहे.

त्या रात्री कुतुबुद्दीनला झोप लागली नाही. कान गेल्यापासूनच्या बारा वर्षांत त्यानं पहिल्यांदा कुणाचा तरी आवाज पाहिला होता, आणि तो निघाला डॉक्टरांचा. आता पाहायचा एकच राहिला होता. पण यंत्राला हात दुसऱ्या कुणी लावायचा नाही, त्या खोलीत परक्यानं पाऊल टाकायचं नाही, असा सक्त नियम. विचारावं कसं? डॉक्टर विचारतील, कशासाठी? आणि याचं उत्तर मोठ्यानं सांगण्यासारखं नव्हतं. तो आज विचारीन, उद्या विचारीन करत राहिला. होता होता वर्ष निघून गेलं.

सदुसष्ट साली उन्हाळ्याच्या तोंडाला मुंबईहून निरोप आला: यंत्र परत पाठवा. कापणं आता तिथंच होणार होतं. डॉक्टरांनाही वाईट वाटलं, पण बोली ती बोली. येत्या सोमवारी खोकं बांधायचं ठरलं. कुतुबुद्दीन घरी आला आणि भिंतीकडं तोंड करून बसला. अख्तरबीनं विचारलं, हाजरानं विचारलं. त्यानं तोंडच फिरवलं नाही. तोंड न फिरवणं म्हणजे त्याच्या घरात दार लावून घेण्यासारखं होतं. शेवटी हाजरा भिंत आणि तो यांच्यामध्ये जाऊन बसली. तेव्हा त्यानं सांगितलं. या खेपेला तिनं तळहात खाली दाबला नाही. सगळी गल्ली ऐकत होती, ऐकू दे म्हणाली.

रविवारी दुपारी दवाखान्याचा तो भाग ओस असतो. आकारामनं किल्ली दिली, बूट काढून हातात घेतले आणि बाहेर बाकावर जाऊन बसला. "कुतुबभाई, मी काय बघितलं न्हाई," एवढंच म्हणाला. कुतुबुद्दीननं पिशवीतून तंबोऱ्याचा वाळका भोपळा काढला, तोंड कापलेला. नवा तंबोरा पारखताना महंमदसाहेब भोपळ्यावर तळहात टेकवून समोर कुणाला तरी गायला लावत. गाण्याबरोबर भोपळा हातात बोलला पाहिजे, अशी त्यांची परीक्षा. कुतुबुद्दीनच्या तळहाताला नुसती थरथर कळायची, माणूस कळायचा नाही. पण तीच थरथर भोपळ्यातून टेबलाला गेली तर? त्यानं भोपळा यंत्राशेजारी टेकवला, त्याचं उघडं तोंड हाजराकडं केलं आणि तिला स्टुलावर बसवलं. कापायचं मांस कुणा रोग्याचं नव्हतं. शिकताना वापरलेला बकऱ्याच्या काळजाचा तुकडा होता.

"पोरीला म्हणतीस तेच म्हण," तो म्हणाला. तिनं पदर सारखा केला आणि मान हलवली. त्यानं नवी काच तोडली, पाणी भरलं आणि दुर्बिणीला डोळे लावले. आता त्याची पाठ तिच्याकडं होती. काप निघू लागले. एक, आणखी एक, आणखी एक. स्वच्छ, सोनेरी, आरशासारखे कोरे. पट्टी लांबत गेली आणि एका कापावरही रेघ नव्हती. इतकं सुबक काम त्याच्या हातून कधी झालं नव्हतं, आणि इतकं वाईट त्याला कधी वाटलं नव्हतं. भोपळा कुचकामी, टेबल कुचकामी, सगळा विचारच वेडगळ. त्यानं यंत्र थांबवलं आणि वळून पाहिलं.

हाजरा गात होती. डोळे मिटून, भोपळ्याच्या तोंडाशी वाकून मन लावून गात होती. ओठ हलत होते. आणि गळ्याची शीर निपचित होती. त्यानं पुढं होऊन दोन बोटं तिच्या गळ्यावर ठेवली. गळा गार, गप्प. तिनं डोळे उघडले. क्षणभर तिला काही कळेना, आणि मग कळलं. इतकी वर्षं याच्यासमोर नुसते ओठ हलवले होते. ओठांना तेवढीच सवय उरली होती. तिचे डोळे भरून आले. ती नुसत्या ओठांनीच म्हणाली, "तुमच्यापुढं आवाजच निघंना वं."

एवढं सरळ तिनं कधी काही सांगितलं नव्हतं. कुतुबुद्दीनला वाटलं, ही चूक आपली. आपण हिच्याकडं टक लावून बघत राहिलो आणि बघून बघून हिचा आवाज पुसून टाकला. त्यानं तिचं स्टूल उचललं आणि खिडकीकडं फिरवलं. भोपळाही फिरवला. "मी न्हाईच हितं," तो म्हणाला. "औंधाला हाईस समज. जात्यावर बसलीयास." मग तोही वळला. नवरा-बायको पाठीला पाठ लावून बसले, लग्नानंतर पहिल्यांदाच.

बराच वेळ कोरेच काप आले. त्यानं धीर सोडला नाही. मागं वळून बघायचा मोह मात्र फार झाला. मग एका कापाच्या कडेला पुसटशी थरथर दिसली. पुढच्यावर रेघा उमटल्या. त्याच्या पुढच्यावर आणखी. डॉक्टरांच्या रेघांपेक्षा कितीतरी बारीक, इतक्या बारीक की वेगळ्या मोजता येऊ नयेत, नुसती एक झळाळी सोन्यावरून सरकत जावी. मध्ये त्या जरा रुंदावत आणि पुन्हा दाटत. चार-पाच काप भरून आले आणि मग एक लख्ख कोरा. थांबली वाटतं? तेवढ्यात पुढचा काप पुन्हा रेघांनी भरून पाण्यावर उतरला. तिनं श्वास घेतला होता. हे पुढंही होत राहिलं. चार-पाच भरलेले, एक कोरा. त्याला ऐकू काही येत नव्हतं. ते तसं कधी येणारही नव्हतं. तरी तो पाण्याकडं पाहत राहिला आणि दुर्बिणीच्या काचा ओल्या होऊ नयेत म्हणून त्याला दोनदा डोळे बाजूला घ्यावे लागले.

ती किती वेळ गात होती कोण जाणे. बाहेर बाकावर आकाराम मात्र डोकं भिंतीला टेकून, बूट मांडीवर घेऊन बसला होता. त्याला घरची आठवण आली होती, असं त्यानं पुढं कधीतरी सांगितलं. कुतुबुद्दीननं तिच्याच पापणीच्या केसानं पट्टीचा एक तुकडा जवळ ओढला आणि जाळीवर घेतला. घरी परतताना तो पुढं आणि ती मागं, रस्त्यात बोलणं शक्य नव्हतं. घरी अख्तरबी दारातच उभी होती. तो दिवस तसाच गेला.

सोमवारी खोकं बांधलं. गवतात यंत्र पुरलं, वर खिळे मारले. कुतुबुद्दीन आकारामबरोबर ते स्टेशनावर पोचवून आला. डॉक्टरांनी पाटीवर लिहिलं होतं की उद्यापासून जुनंच काम, मेणातले जाड काप. त्यानं मान हलवली होती. खिशात अत्तराच्या रिकाम्या कुपीची डबी होती आणि तिच्यात ती जाळी. उजेडात धरून पाहिली तर तांब्याचा ठिपका, बाकी काही नाही. सोनं नाही, रेघा नाहीत. दुर्बीण तर गाडीत बसून निघाली होती. आवाज आता त्याच्या मालकीचा होता आणि तो त्याला ना ऐकू येणार होता, ना दिसणार होता.

संध्याकाळी अख्तरबी शेजारी गेली तेव्हा हाजरा समोर येऊन बसली. कालपासून तिच्या मनात घोळत असणार. लहानपणापासून तिच्या आवाजाला सगळ्यांनी वाखाणलं होतं, पण ज्याला विचारायचं त्याला विचारायची सोय नव्हती. ती ओठांनी म्हणाली, "कसा हाय वं माझा आवाज?"

कुतुबुद्दीननं पुष्कळ विचार केला. सोनेरी हाय म्हणावं, तर ते काप सगळेच सोनेरी असतात. बारीक हाय म्हणावं, तर तिला दुबळा वाटायचा. खोटं बोलायचं नव्हतं. शेवटी त्यानंही आवाज न करता, नुसते ओठ हलवून सांगितलं, "मधी मधी दम घेतीस तू. लौकर घेतीस."

हाजराचा हात तोंडाशी गेला. "आई बी हेच म्हणायची," ती म्हणाली. "आईशिवाय कुणाच्या ध्यानात आलं न्हवतं ते."

मग ती रडली. या खेपेला आवाज निघाला असावा, कारण जोतिबा कामावरून उठून दारापर्यंत आला आणि मागोमाग आणखी दोन बायका. कुतुबुद्दीननं हातानंच त्यांना परत जायला सांगितलं आणि आपली दोन बोटं तिच्या गळ्यावर ठेवली.